रेस फिल्म्स बघायच्यात? मग पहिल्यापासून सुरू करू नका

आधी सर्चचं सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच गळतात. ‘रेस फिल्म’ असं टाकलं की आपल्याकडे सैफ अली खान येतो, मग गाड्या येतात, मग माणूस वैतागून भलतंच काहीतरी बघत बसतो. आपल्याला हवेत ते पिक्चर वेगळे. अमेरिकेत साधारण १९१५ पासून १९५० च्या आसपासपर्यंत काळ्या प्रेक्षकांसाठी, काळे नट-नट्या घेऊन, हॉलिवूडच्या बाहेर, अगदी काटकसरीत बनवलेले पिक्चर. त्यांना तेव्हा रेस फिल्म्स नाहीतर रेस मूव्हीज म्हणायचे, आणि ह्यातला ‘रेस’ हा शब्द कमीपणाचा नव्हता बरं का, उलट ‘रेस मॅन’ म्हणजे आपल्या समाजासाठी ताठ उभा राहणारा माणूस. असे साधारण ५०० पिक्चर बनले असं मानतात आणि त्यातले १०० सुद्धा आज धड शिल्लक नाहीत. म्हणून सर्च करताना विषय टाकू नका, पिक्चरचं इंग्रजी नाव, साल आणि डायरेक्टर असं तिन्ही टाका, लगेच सापडतं.

आता मी केलेला घोळ ऐका म्हणजे तुम्ही तो करणार नाही. मला कुणीतरी सांगितलं की काळ्या डायरेक्टरचा आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फीचर म्हणजे ऑस्कर मिशोचा १९२० चा ‘विदिन अवर गेट्स’, तर मी सरळ तोच लावला, तोही फोनवर, तोही पुणे-मुंबई ट्रेनमध्ये. लोणावळ्याच्या आत कोण कुणाची बहीण, कोण डॉक्टर आणि कोण चोर हे सगळं डोक्यातून गेलं आणि कर्जतला मला झोप लागली. पिक्चर वाईट नाहीये, भयंकर ताकदीचा आहे, पण त्याला तयारीने बसावं लागतं. जुनं म्हणून पहिलं लावायचं हा हिशोब इथे चालत नाही.

लावायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, की समोर खुर्चीत कोण बसलंय. तुम्ही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतला तो माणूस, ज्याला गोऱ्यांच्या थेटरात घेतलंच तर वेगळ्या दाराने वर बाल्कनीत पाठवायचे, नाहीतर गोऱ्यांचे खेळ आटपल्यावर रात्री बाराला त्याच्यासाठी वेगळा शो लावायचे, त्याला मिडनाइट रॅम्बल म्हणायचे. शिकागोत, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या वस्तीतली थेटरं होती, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे चर्चमध्ये नाहीतर शाळेत पडदा लागायचा. हा माणूस एरवी हॉलिवूडच्या पडद्यावर स्वतःला कसा बघायचा, तर हमाल, मोलकरीण, गुंड, किंवा मग तोंडाला काळं फासलेला एखादा गोरा नट. १९१५ ला ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला, त्यात तर कू क्लक्स क्लॅन, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी, तीच हिरो. अशा माणसाला त्याच पडद्यावर आपल्यातला डॉक्टर, डिटेक्टिव्ह, वकील, शेतमालक दिसतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे धरून बघितलं नाही तर ह्यातले अर्धे पिक्चर तुम्हाला नुसते स्वस्तातले आणि बाळबोध वाटतील.

तर सुरुवात ‘द फ्लाइंग ए‍स’ ने करा, १९२६ चा, मूकपट, तासाभराचा. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये रिचर्ड नॉर्मन नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता, नॉर्मन स्वतः गोरा होता (हे लक्षात ठेवा, प्रेक्षक काळा म्हणजे मालकही काळाच असं नेहमी नसायचं, पुढे पुढे तर बरेच मालक गोरे होते). गोष्ट अगदी मसाला आहे, पहिल्या महायुद्धातून परत आलेला पायलट कॅप्टन स्टोक्स रेल्वेत डिटेक्टिव्ह म्हणून पुन्हा रुजू होतो, पगाराचे २५,००० डॉलर घेऊन निघालेला माणूस पैशासकट गायब झालेला, स्टेशनमास्तरची मुलगी, व्हिलनकडे विमान, बस्स. ह्यात स्टीव्ह रेनॉल्ड्स म्हणून एक नट आहे, त्याला एकच पाय होता, म्हणून सगळे त्याला पेग म्हणायचे, तो कुबडी घेऊन सायकलवरून पाठलाग करतो आणि त्या कुबडीत बंदूक निघते, आमच्या घरी ह्या जागेला टाळ्या पडल्या होत्या.

विमानाच्या सीनमध्ये जरा बारकाईने बघा. विमान उडतंय असं वाटतं पण पायलटच्या मागे काहीच हलत नाही, ना झाड ना ढग, नुसतं कोरं आभाळ, कारण ते विमान जमिनीवरच उभं होतं आणि सगळी करामत कॅमेऱ्याची. हसू येतं, येऊ द्या. आणि मग हे आठवा की पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने एकाही काळ्या माणसाला पायलट म्हणून घेतलं नव्हतं, युजीन बुलर्ड हा काळा अमेरिकन उडला तो फ्रान्सकडून उडला. बेसी कोलमन ह्या काळ्या बाईला अमेरिकेत कुणी विमान शिकवेना म्हणून ती फ्रान्सला गेली आणि १९२१ ला लायसन्स घेऊन आली, स्वतःवर पिक्चर काढावा म्हणून तिने ह्याच नॉर्मनला पत्रं लिहिली होती, आणि १९२६ च्या एप्रिलमध्ये ह्याच जॅक्सनव्हिलमध्ये विमानातून पडून ती गेली. म्हणजे जे विमान पडद्यावर उडत नाहीये ते का उडत नाहीये ह्याला पैसे हे एकच कारण नाही.

माझी आत्या वीस मिनिटं गप्प बघत होती आणि मग म्हणाली, ‘अरे ह्यात गोरे कुठेच नाहीत का रे?’ नाहीत. स्टेशनमास्तर काळा, पोलीस काळा, डॉक्टर काळा, व्हिलनसुद्धा काळा, तेव्हाच्या अमेरिकेत असं गाव सापडणं अवघड, पण पडद्यावर ते होतं. आत्याने जे वीस मिनिटात पकडलं ते मला दोनदा बघून कळलं होतं.

दुसरा पिक्चर बोलका घ्या, म्हणजे सलग मूकपट बघून डोळे थकणार नाहीत. स्पेन्सर विल्यम्सचा ‘द ब्लड ऑफ जीझस’, १९४१, तासापेक्षा कमी, साधारण ५,००० डॉलरात टेक्ससमध्ये केलेला, पैसे डॅलसच्या आल्फ्रेड सॅकचे. मार्था नावाची बाई नदीवर बाप्तिस्मा घेऊन घरी येते, नवरा चर्चला न जाणारा (तो विल्यम्सने स्वतःच केलाय), त्याची बंदूक पडून गोळी सुटते ती तिलाच लागते, आणि मग तिचा जीव वर आणि खाली यांच्यामधल्या चौरस्त्यावर. इथे सैतान येतो तो खरोखर शिंगं लावून येतो, आणि एका उघड्या ट्रकवर जॅझ बँड वाजतोय आणि ट्रक नरकाकडे चाललाय आणि स्टिअरिंगवर सैतान. आपल्याकडे कीर्तनात बुवा यमदूत कसा रंगवतात, हसवत हसवत घाबरवतात, तसं हे आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा पिक्चर समजावून सांगावा लागत नाही. स्वर्गाची जी दृश्यं आहेत ती १९११ च्या एका इटालियन मूकपटातून उचलून जोडलीत, एकदम कपडे बदलतात, उजेड बदलतो, बघालच. ह्याच्या प्रिंट्स बरीच वर्षं गायब होत्या, १९८३ ला टेक्ससमधल्या टायलर गावच्या एका गोदामात डब्यांचा ढीग सापडला त्यात हा होता, आणि १९९१ ला नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या अमेरिकन पिक्चरच्या सरकारी यादीत घेतला, रेस फिल्मपैकी पहिलाच.

ह्यातलं गाणं पळवू नका. एकूणच ह्या बोलपटांमध्ये गोष्ट थांबवून मध्येच क्लबमधला नाच नाहीतर गाणं येतं, आणि आपण सवयीने पुढे ढकलतो. पण ते नाचणारे-गाणारे त्या काळचे खरे स्टेजवरचे लोक, त्यांच्या नावावर तिकिटं जायची, कित्येक वेळा नटांपेक्षा तेच भारी असतात. गायिका लीना हॉर्नचा पहिला पिक्चर असाच १९३८ चा ‘द ड्यूक इज टॉप्स’.

आता थोडं टेक्निकल, कारण फुकटात जे मिळतं ते बऱ्याचदा खराब असतं. १९२० च्या दशकातले हे मूकपट आता अमेरिकेत पब्लिक डोमेनमध्ये आहेत, म्हणजे त्यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, त्यामुळे यूट्यूबवर आणि इंटरनेट आर्काइव्हवर एकाच पिक्चरच्या चार-पाच कॉप्या सापडतील, पहिली दिसेल ती लावू नका. प्रत्येकीची लांबी बघा, मधलं एक मिनिट उघडून बघा, मूकपटात मध्ये मध्ये संवादाच्या पाट्या येतात त्यांवरची अक्षरं वाचता येतात का बघा, येत नसतील तर पुढची. माणसं तुरुतुरु पळत असतील तर ते नटांचं चुकलेलं नाही, मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला चोवीसपेक्षा कमी फ्रेमने काढलेले असायचे आणि कुणीतरी ते चोवीसने चढवलंय, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये स्पीड ०.७५ करा, माणसं माणसांसारखी चालायला लागतात. आणि मागे लूपमध्ये तेच ते पियानो वाजत असेल तर सरळ म्यूट करून बेसी स्मिथची ब्लूज गाणी लावा, मी हेच करतो. बोलपटाला हेडफोन हवाच, आवाज खरखरीत असतो आणि ऑटो सबटायटल्स काहीच्या काही लिहितात.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर किनो लॉर्बर ह्या अमेरिकन कंपनीने २०१६ ला ‘पायोनियर्स ऑफ आफ्रिकन-अमेरिकन सिनेमा’ हा पाच डिस्कचा सेट काढलाय, चार्ल्स मसर आणि जॅकलिन स्ट्यूअर्ट ह्या दोघा अभ्यासकांनी निवडलेला, प्रिंट्स फुकटवाल्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण डिस्क अमेरिकन, तेव्हा मागवायच्या आधी आपला प्लेअर तो रीजन कोड घेतो का ते बघा, नाहीतर डबी नुसती कपाटात शोभेला. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आधी आपल्या पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर कानोपी हे पिक्चर बघायचं ॲप मिळतं का ते विचारा.

मग ‘विदिन अवर गेट्स’. ह्याला रविवार सकाळ ठेवा, वही-पेन घ्या, मोठा स्क्रीन घ्या. आणि घरात लहान मुलं असतील तर नको, कारण शेवटी लिंचिंग आहे, म्हणजे जमावाने माणसांना फासावर लटकवणं, आणि एका बाईवर हल्ला आहे, मिशोने ते लांबून दाखवून सोडून दिलेलं नाही. वहीत पाच नावं लिहा. सिल्व्हिया लँड्री ही नायिका, दक्षिणेतल्या काळ्या मुलांच्या शाळेसाठी ५,००० डॉलर जमवायला उत्तरेत जाते (इव्हलिन प्रीअरने केलीये, तिचा चेहरा बघत राहावं असा आहे). अल्मा तिची चुलत बहीण. डॉक्टर व्हिव्हियन तिच्या प्रेमात. एफ्रेम हा गोऱ्या मालकाचा चहाडखोर नोकर. नेड हा म्हातारा पाद्री. ही पाच नावं समोर असली की पाऊण पिक्चर सोपा होतो, आणि शेवटचा जो मोठा फ्लॅशबॅक आहे, अल्मा डॉक्टरला सिल्व्हियाचं पूर्वायुष्य सांगते तो, तो वेगळा धरा आणि लगेच दुसऱ्यांदा बघा.

नेडचा एक सीन सांगतो. हा पाद्री गोऱ्या माणसांकडे जातो, त्यांना आवडेल तेच बोलतो, ते त्याची थट्टा करतात आणि जाताना मागून लाथ घालतात, आणि हा हसतो, दात काढून, अगदी खूष झाल्यासारखा. दार बंद होतं. आणि त्याच क्षणी ते हसू गळून पडतं आणि एक खचलेला म्हातारा उरतो ज्याला स्वतःची किळस आलीये. काही सेकंदांचा खेळ आहे, इथे पॉज करा, मागे जा, पुन्हा बघा. हॉलिवूडने फक्त दाराच्या आतलं हसू दाखवलं होतं, मिशोने दाराबाहेरचा चेहरा दाखवला. एफ्रेमचंही तसंच, त्याला वाटतं मी गोऱ्यांचा लाडका, मला कोण काय करणार, आणि जमावाला हवी ती माणसं सापडत नाहीत तेव्हा वाट बघून कंटाळलेला जमाव ह्यालाच धरतो.

हा पिक्चर आला तेव्हा १९१९ च्या उन्हाळ्यातली शिकागोची गोऱ्या-काळ्यांची दंगल ताजी होती, शिकागोच्या सेन्सॉरने आधी नाकारला, मग बरीच वादावादी, मग काटछाट करून जानेवारी १९२० मध्ये लागला. गावोगावचे सेन्सॉर वेगळे, प्रत्येक जण वेगळं कापणार, त्यामुळे ‘मूळ’ पिक्चर नक्की कुठला हेच सांगता येत नाही. आणि आज आपण बघतो ती प्रिंट तर स्पेनमधून आलीये! ‘ला नेग्रा’ नावाने माद्रिदच्या आर्काइव्हमध्ये पडली होती, पाट्या स्पॅनिश, लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ ला दुरुस्त केली तेव्हा त्या स्पॅनिश पाट्या मिशोच्या लिहिण्याच्या ढबीचा अंदाज घेऊन परत इंग्रजीत आणल्या. तेव्हा एखादी पाटी आवडली म्हणून ‘मिशो म्हणतो’ असं लिहून स्क्रीनशॉट टाकू नका, ते शब्द जवळजवळ सगळे अनुवादकाचे आहेत. काही पाट्यांमध्ये बोलीभाषा मुद्दाम वेडीवाकडी लिहिलेली असते, ती डोळ्यांनी वाचून कळत नाही, मोठ्याने वाचा, लगेच कळते. ‘निग्रो’, ‘कलर्ड’ हे शब्द सगळीकडे येतील, ते तेव्हाचे शब्द, पिक्चरपुरते ठेवा.

मिशो हा माणूस स्वतःच एक पिक्चर आहे. १८८४ चा जन्म, इलिनॉयमधल्या मेट्रोपोलिस गावचा, पुलमन रेल्वेच्या डब्यात पोर्टर होता, मग साउथ डकोटात जमीन घेऊन शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या आणि दारोदार फिरून स्वतः विकल्या. लिंकन मोशन पिक्चर कंपनी म्हणून काळ्या लोकांचीच एक कंपनी होती, नोबल आणि जॉर्ज जॉन्सन ह्या भावांची, १९१६ ला सुरू झालेली, त्यातला जॉर्ज तर पोस्टात नोकरी सांभाळून पिक्चरचं वितरण बघायचा. त्यांनी मिशोकडे कादंबरीचे हक्क मागितले, मिशो म्हणाला डायरेक्शन मी करणार, त्यांना ते जमेना, मग ह्याने शेअर विकून पैसे उभे केले आणि १९१९ ला ‘द होमस्टेडर’ स्वतःच काढला. तो पिक्चर आज नाही. पिक्चरची प्रिंट स्वतः घेऊन गावोगाव जायचं, मॅनेजरला पुढच्या पिक्चरचे फोटो दाखवून ॲडव्हान्स घ्यायचा, त्या पैशात पुढचा काढायचा. म्हणून त्याच्या बोलपटांमध्ये नट वाक्य विसरला तरी तो टेक तसाच राहतो, रीटेकला फिल्म लागते आणि फिल्मला पैसे.

एक तक्रार मात्र आहे आणि ती झाकायची गरज नाही. ह्या पिक्चरमध्ये हिरो-हिरॉईन बहुतेक उजळ रंगाचे आणि नोकर किंवा विनोदी पात्र जास्त काळं, म्हणजे रंगाची उतरंड आतही होतीच. लोरेन्झो टकर ह्या देखण्या नटाला ‘ब्लॅक व्हॅलेंटिनो’ म्हणून विकायचे (व्हॅलेंटिनो हा तेव्हाचा हॉलिवूडचा देखणा हिरो). १९३८ ला मिशोच्याच ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’ विरुद्ध हार्लेममध्ये थेटराबाहेर निदर्शनं झाली होती, म्हणजे प्रेक्षकही मुकाट बघत नव्हता. फेअरनेस क्रीमच्या देशातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. आणि विषय आपल्याला अगदीच परका वाटायचं कारणही नाही, फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

चार मित्र बोलावून बघणार असाल तर तासाभराच्या वर जाऊ नका, आणि एकाने पाट्या मराठीत मोठ्याने वाचायच्या, आमच्याकडे हे काम आत्याने घेतलं आणि मूळ लेखकापेक्षा जास्त मसाला घातला. मुलं असतील तर १९३९ चा ‘द ब्रॉन्झ बकरू’ लावा, हर्ब जेफ्रीज हा काळा काउबॉय, गातो पण, घोडा पण, मारामारी पण, फार खोल काही नाही. गायक-नट पॉल रोबसन आवडत असेल तर त्याचा पहिला पिक्चर, मिशोचा १९२५ चा ‘बॉडी अँड सोल’, त्यात तो डबल रोलमध्ये आहे, एकीकडे पाद्र्याचं सोंग घेतलेला लफंगा, दुसरीकडे सरळमार्गी भाऊ. शेवट मला अजिबात पटलेला नाही, पण रोबसन भारी.

आणि सगळं बघून झालं की १९२० चा ‘द सिम्बॉल ऑफ द अनकाँकर्ड’ लावा, हा पण मिशोचाच, प्रिंट बेल्जियममध्ये सापडली, पुढे मॅक्स रोचच्या ड्रम्सचं संगीत घातलेली कॉपी झाली, मिळाली तर तीच घ्या. ह्यात एका काळ्या माणसाच्या जमिनीखाली तेल निघणार असतं आणि ती बळकवायला क्लॅनवाले मशाली घेऊन रात्री घोड्यांवरून निघतात. शेजारी राहणारी नायिका मदतीला घोडा काढते, तुम्ही पुढे सरसावून बसता, आता ह्यांची कशी जिरते बघू म्हणता, आणि नेमका तोच भाग हरवलाय. पाटी येते की पुढचं उपलब्ध नाही. आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही पूर्ण प्रिंट आज नाही, तेव्हा ही हळहळ आपल्याला नवी नाही. पण चिडून बंद करू नका. आणखी एक सीन आहे, काही काळानंतरचा, ऑफिसमधला, आणि त्या जमीनवाल्याला इतका वेळ जी गोरी वाटत होती ती नायिका हातात पत्र घेऊन आत येते.